जास्त पळालेला जुना पिकअप घेताना आणि दुरुस्त करताना: खालून वर बघा

दोन-अडीच लाख किलोमीटर पळालेला पिकअप विकायला दिसला की नवखा माणूस आधी मीटरचा आकडा बघतो, मग बॉनेट उघडून इंजिनचा आवाज ऐकतो आणि तिथेच मनातल्या मनात गाडी घेऊन मोकळा होतो. हा क्रम उलटा आहे. इंजिन बांधून घेता येतं, गियरबॉक्स दुसरा बसवता येतो, केबिनचा पत्रा ठोकून सरळ होतो. चॅसिस, म्हणजे सगळी गाडी जिच्यावर उभी असते ती लोखंडी चौकट, सडलेली किंवा वाकलेली असेल तर मात्र त्यावर केलेला सगळा खर्च पाण्यात जातो. म्हणून पिकअप खालून वर बघायचा: आधी चॅसिस, मग कमानी (पाट्यांच्या स्प्रिंगा) आणि हाउसिंग (मागच्या एक्सलचं लोखंडी कवच, ज्यात गियर असतात), मग इंजिन, आणि गियरबॉक्स सगळ्यात शेवटी, चालवून बघताना.

मीटरच्या आकड्याबद्दलही एक सांगून ठेवतो. कार किती पळाली हे विचारतात, तसं पिकअपने काय वाहिलं हे विचारायला हवं. हायवेवर हलका माल घेऊन एका लयीत तीन लाख किलोमीटर पळालेली गाडी, खडी-वाळू भरून खड्ड्यांतून लाखभर पळालेल्या गाडीपेक्षा खुशाल घ्यावी. शिवाय मीटर मागे फिरवता येतं. पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, स्टिअरिंगवरची कातडी चकाकतेय, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड बसलीय आणि मीटर म्हणतंय साठ हजार, तर मीटरवर विश्वास ठेवू नका.

निघण्याआधी

विक्रेत्याला फोनवर एकच विनंती करा: मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. थंड इंजिन जे खरं सांगतं ते गरम इंजिन लपवतं. पोचल्यावर बॉनेटवर आणि रेडिएटरजवळ हात ठेवून बघा. कोमट लागलं तर विक्रेत्याला काहीतरी झाकायचं असू शकतं, हे मनात ठेवून पुढची तपासणी करा.

गाडी दिवसाउजेडी आणि कोरडी असताना बघा. ओल्या पत्र्यावर रंगातला फरक आणि पुट्टी दोन्ही दिसत नाहीत. सोबत टॉर्च, मोठा स्क्रू ड्रायव्हर, छोटी हातोडी, चुंबक, साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले दोषांचे कोड वाचणारं यंत्र) आणि अंगाखाली घालायला पुठ्ठा घ्या. मळले तरी चालतील असे कपडे घाला, कारण अर्धा वेळ गाडीखालीच जाणार आहे. गाडीखाली फक्त सपाट जागेवर आणि चाकांना ठोकळे लावूनच शिरायचं. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच नाही.

चॅसिस

जवळ जाण्याआधी दहा-पंधरा पावलं दूर उभे राहून गाडी बाजूने बघा. केबिन आणि हौदा यांच्यातली फट वरपासून खालपर्यंत सारखी हवी. वर अरुंद, खाली रुंद किंवा त्याच्या उलट दिसली, तर एकतर केबिनचे रबरी माउंट बसलेत किंवा ओव्हरलोडने चॅसिस मधोमध वाकलीय. माउंट बदलणं सोपं काम आहे. वाकलेली चॅसिस सरळ करणं हे विशेष यंत्रं असलेल्या ठिकाणचं काम आहे, आणि तिथेही ती पूर्वीसारखी होईलच असं नाही.

आता खाली शिरा. चॅसिसचे लांब दांडे पुढून मागे टॉर्च मारत बघत जा. गंज सगळीकडे सारखा लागत नाही, चिखल आणि पाणी साठतं तिथे आधी खातो. मागच्या कमानीचे हँगर (कमान चॅसिसला अडकते ते कंस), डिझेल टाकीची वरची बाजू, केबिन माउंटच्या आजूबाजूची जागा आणि बंद पेटीसारख्या भागांची आतली बाजू, ही चार ठिकाणं न चुकता तपासा. हातोडीने हलके ठोकत जा. चांगलं लोखंड टणटण वाजतं, सडलेलं धप्प आवाज करतं आणि खपल्या टाकतं. शंका वाटली तिथे स्क्रू ड्रायव्हरचं टोक जोर लावून दाबा. आत गेलं, तर विषय संपला. आभार मानून घरी या.

वरवरचा तांबूस गंज जुन्या गाडीला असणारच, त्याला घाबरू नका. घाबरायचं ते ताज्या काळ्या रंगाला. जुन्या गाडीची बाकी सगळी खालची बाजू मळकट आणि फक्त एका हातभर भागावर नवा डांबरी रंग दिसला, तर तो भाग आधी खरवडायची परवानगी मागा. त्याखाली बहुतेक वेळा पट्टी मारून केलेलं वेल्डिंग निघतं. कमानीच्या हँगरजवळ आणि आडव्या मेंबरच्या जोडावर केसासारख्या बारीक भेगा असतात. धुळीत त्या दिसत नाहीत, फडक्याने पुसून बघा.

चॅसिसवर ठोकलेला नंबर कागदपत्रांशी अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे. आजच्या बहुतेक गाड्यांचा हा नंबर १७ अक्षर-अंकांचा असतो आणि गोंधळ टाळण्यासाठी त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं वापरत नाहीत. नंबराभोवतीचं लोखंड घासलेलं, वेल्ड केलेलं किंवा अंक वेडेवाकडे बसलेले दिसले तर पुढे बोलूच नका. इंजिन नंबरही जुळवा. गाडीवर कर्ज बाकी नाही याचा कागद पैसे देण्याआधी हातात हवा, नंतर आणून देतो हे चालणार नाही.

कमानी, हाउसिंग आणि चाकं

मागच्या कमानीचे पाटे मोजा. दोन्ही बाजूंना सारखेच हवेत. कंपनीने दिलेल्यापेक्षा जास्त पाटे घातले असतील तर गाडीने ओव्हरलोड वाहिलाय, याला वेगळा पुरावा लागत नाही. पाटा वाढवला म्हणून ब्रेक, एक्सल, टायर आणि चॅसिस यांची ताकद वाढत नाही. तो जास्तीचा भार त्यांनीच सोसलेला असतो. तुटलेला पाटा, सरकलेला सेंटर बोल्ट आणि शॅकलच्या (कमानीच्या टोकाचा झुलता दुवा) घासलेल्या बुशी हे दोष दिसायला भयंकर वाटतात, पण दुरुस्तीला सोपे. भाव पाडायला उत्तम.

मागच्या टायरांची आतली कड हात घालून बघा. दोन्ही टायर फक्त आतून झिजले असतील तर हाउसिंग वाकलेलं असण्याची दाट शक्यता. पुढच्या टायरांची एकतर्फी झीज बहुतेक वेळा अलाइनमेंट, बॉल जॉइंट किंवा बुशीची असते. टायरच्या बाजूवर बनावटीची तारीख चार अंकांत असते: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. नक्षी कितीही खोल असली तरी दहा वर्षांचा टायर मालवाहू गाडीवर चालवायचा नाही. सहा वर्षं उलटल्यावरच त्याच्याकडे संशयाने बघायला लागा.

प्रोपेलर शाफ्ट (गियरबॉक्सकडून हाउसिंगकडे जाणारा फिरता दांडा) हाताने धरून फिरवा आणि वर-खाली हलवा. क्रॉसमध्ये, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या सांध्यात, जराही ढिलेपणा नको. क्रॉसच्या टोप्यांभोवती लाल-तपकिरी भुकटी जमली असेल तर आतल्या सुया कोरड्या पडून गंजल्यात. हाउसिंगच्या तोंडाशी आणि चाकांच्या आतल्या बाजूला ऑइल गळतंय का बघा. चाकाकडे गळणारं ऑइल ब्रेक लायनिंगवर जातं.

आता इंजिन

ऑइलची काडी काढा. डिझेल इंजिनचं ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं पडतं, त्यामुळे काळ्या रंगावरून काही ठरवू नका. पातळी, जळका वास आणि दुधाळपणा बघा. ऑइल भरायच्या झाकणाखाली थोडा पांढरट साका थंडीत, जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत दमटपणामुळेही दिसतो. तसाच दुधी रंग काडीवर दिसला तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) ऑइलमध्ये शिरतंय. रेडिएटरचं झाकण इंजिन थंड असतानाच उघडा. आत स्वच्छ रंगीत कूलंट हवं. गढूळ तांबडं पाणी असेल तर मालकाने वर्षानुवर्षं नुसतं पाणी ओतलंय, आणि वर तेलाचा तवंग असेल तर हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलर गेलाय.

मग चावी फिरवा, पण सुरू करू नका. इंजिनचा आणि ऑइल प्रेशरचा दिवा आधी लागला पाहिजे आणि इंजिन चालू झाल्यावर विझला पाहिजे. जो दिवा लागतच नाही तो कुणीतरी काढलाय. स्कॅनर लावला तर कोड बघाच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे रेडीनेस मॉनिटर बघा, म्हणजे गाडीच्या संगणकाने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का ते. ते अपूर्ण दाखवत असतील तर तुम्ही येण्याआधी कोड पुसलेत किंवा बॅटरी काढून लावलीय.

सुरू करताना मदतनीसाला मागे सायलेन्सरपाशी उभं करा. थंडीत सुरुवातीचा थोडा पांढरा धूर चालतो. डिझेल गाडीत तो रेंगाळला आणि इंजिन लंगडत चाललं, तर ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू होताना आतून तापवणारे), इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशनचा प्रश्न. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर गोडसर वासाचा येत राहिला तर कूलंट जळतंय. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. उतारावर ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबल्यावर निळा भपका आला तर बहुधा व्हॉल्व्हचे सील, सतत येत असेल तर रिंगा किंवा टर्बो. जोर देताना डिझेलचा काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. चोंदलेला फिल्टर, फाटलेला इंटरकूलरचा पाइप अशा स्वस्त कारणांपासून त्याचा शोध सुरू करायचा.

इंजिन आयडलवर असताना ऑइलचं झाकण सैल करून तिथेच उलटं ठेवा. थोडं थरथरलं तर हरकत नाही. उडून पडायला लागलं आणि तोंडातून धूर धापा टाकल्यासारखा येऊ लागला, तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे सिलिंडरमधला गॅस पिस्टनच्या बाजूने खाली निसटतोय, रिंगा-पिस्टन थकलेत. काही इंजिनांत झाकणाखाली आडपडदा असतो, त्यामुळे ही परीक्षा एकटी पुरेशी नाही. शंका असेल तर कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. तिथे एकूण आकड्याइतकाच सिलिंडरा-सिलिंडरांतला फरक बोलतो. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा १०-१५ टक्क्यांहून जास्त खाली असेल तर इंजिनचं काम निघणार हे धरून भाव करा.

थंड इंजिन सुरू करून मिनिटभरात रेडिएटरचा वरचा पाइप दाबून बघा. कूलंट अजून गार असतानाच पाइप दगडासारखा कडक झाला असेल, तर सिलिंडरमधला गॅस कूलंटमध्ये घुसतोय. ही खूण फार लोकांना माहीत नसते, आणि विक्रेत्याला ती लपवताही येत नाही.

चालवून बघणं

अर्धा तास तरी चालवा, जमल्यास हौद्यात थोडं वजन घालून. रिकाम्या पिकअपमध्ये क्लच, ब्रेक आणि तापमान यांचे दोष झाकले जातात. चढावर वरच्या गियरमध्ये, कमी वेगात जोर द्या. इंजिनचा आवाज चढतोय आणि गाडी तिथेच, तर क्लच घसरतोय. दुसरा गियर टाकताना करकरला तर सिंक्रो (गियर आवाज न करता जुळवणारी कडी) गेलाय. उतारावर पाय उचलल्यावर गियर आपोआप सुटत असेल तर गियरबॉक्स उघडावाच लागेल.

हाउसिंगचा आवाज ओळखायची युक्ती: जोर देताना एका सुरात घुंघुं आणि पाय काढल्यावर सूर बदलला तर क्राउन-पिनियनकडे (हाउसिंगमधली मुख्य गियरची जोडी) बोट. वेगासोबत वाढणारा, पण गाडी डावी-उजवीकडे वळवल्यावर कमी-जास्त होणारा आवाज चाकाच्या बेअरिंगचा. गाडी सुटताना खट्‌ असा एकच ठोका आला तर क्रॉस. फोर बाय फोर असेल तर ते मातीच्या किंवा खडीच्या रस्त्यावरच लावून बघा, कोरड्या डांबरावर वळणात ते जाम होतं.

परत आल्यावर इंजिन चालू ठेवून पुन्हा एकदा खाली डोकवा. मघाशी पुसून ठेवलेल्या जागांवर आता काय गळतंय ते दिसेल.

घेतल्यावर: आधी थांबेल असं बघा

गाडी घरी आली की पहिला मोह असतो हौदा रंगवायचा, मोठे दिवे लावायचा. तो पैसा बाजूला ठेवा. आधी ब्रेक, स्टिअरिंग आणि टायर, मग सगळी ऑइलं, मग गळती, आणि इंजिनचा जोर वाढवणं वगैरे सगळ्यात शेवटी.

ब्रेक फ्लुइड हवेतली ओल शोषून घेतं, म्हणून जुनं पूर्ण काढून नवं भरा आणि पुढे साधारण दर दोन वर्षांनी बदला. मागचे ड्रम उघडून व्हील सिलिंडरची रबरं उचलून बघा, आत ओल दिसली की बदला. पुष्कळ पिकअपमध्ये मागच्या हाउसिंगला जोडलेल्या एका दांडीवर चालणारा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. भार असेल तसा तो मागचा ब्रेक कमी-जास्त करतो. जुन्या गाडीत तो गंजून एका जागी बसलेला सापडतो, आणि कमानी उंच केल्या असतील तर त्याची सेटिंग हमखास चुकलेली असते. गाडी भरल्यावर मागून ब्रेकच लागत नाही अशी तक्रार असेल, तर मास्टर सिलिंडर बदलायच्या आधी हा बघा.

गाडी उचलताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. हँडब्रेक बहुधा मागच्या चाकांवर असतो आणि गियरमध्ये ठेवलेली गाडीही मागच्या चाकांनीच अडते. मागची चाकं हवेत गेली की हे दोन्ही कुचकामी. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, भार चॅसिस किंवा एक्सलखालच्या स्टँडवर द्या, आणि आत शिरण्याआधी गाडीला हाताने जोरात हलवून बघा.

हाउसिंगचं ऑइल बदलताना नवखे लोक खालचा बोल्ट उघडून सगळं ऑइल सोडतात आणि मग कळतं की वरचा, भरायचा बोल्ट गंजून बसलाय. ऑइल नाही, भरायला वाट नाही, आणि गाडी तिथेच उभी. म्हणून नेहमी भरायचा बोल्ट आधी सैल करा. तो निघाला तरच खालच्याला हात लावा. चुंबकाच्या बोल्टवर काळसर लोण्यासारखा थर ही सामान्य झीज. नखाएवढे तुकडे निघाले तर दातऱ्या तुटतायत. हाउसिंगला बहुधा जीएल-५ प्रतीचं गियर ऑइल लागतं, पण तेच मॅन्युअल गियरबॉक्समध्ये ओतू नका. बऱ्याच गियरबॉक्सना जीएल-४ सांगितलेलं असतं आणि जीएल-५ मधली काही रसायनं पितळी सिंक्रोला मानवत नाहीत. गाडीचं पुस्तक सांगेल तेच भरा.

हाउसिंगचा सील बदलून महिनाभरात पुन्हा गळायला लागला, तर मेकॅनिकला दोष देण्याआधी ब्रीदर बघा. हाउसिंगवर एक छोटी टोपी किंवा नळी असते. चिखलाने ती बुजली की गरम झालेली हवा आत कोंडते आणि ऑइलला सीलमधून बाहेर ढकलते. साफ करायला पाच मिनिटं लागतात.

इंजिनला टायमिंग बेल्ट असेल आणि तो कधी बदलला याचा कागद नसेल, तर तो बदललेलाच नाही असं समजा. कंपनीनुसार त्याचं आयुष्य साधारण ८०,००० ते १,६०,००० किलोमीटर असतं. पुष्कळ इंजिनांत तो तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतात. बेल्टसोबत टेन्शनर बदला, आणि वॉटर पंप त्याच बेल्टवर चालत असेल तर तोही, कारण तिथपर्यंत पोचायची मजुरी पुन्हा द्यावी लागू नये. चेन असलेल्या इंजिनात थंड सुरुवातीला दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त खडखड आली तर चेन आणि टेन्शनरकडे बघायची वेळ झाली.

डिझेल फिल्टर बदलल्यावर हातपंपाने एअर काढा. कॉमन रेल इंजिनच्या (एकाच जास्त प्रेशरच्या नळीतून सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणारं नवं इंजिन) इंजेक्टरचे पाइप मात्र चालू गाडीवर कधीही सैल करू नका. जुन्या पद्धतीच्या पंपाचे लोक सवयीने तसं करतात, पण कॉमन रेलमध्ये प्रेशर १,६०० बारच्याही पुढे जातं आणि तो फवारा कातडी भेदून आत जातो. कूलंट सांडलं तर लगेच पुसा. चवीला गोडसर असतं आणि विषारी, मुलं आणि जनावरं फसतात.

बोल्ट गंजले असतील तर घाई नडते. आदल्या रात्री गंज सोडवणारं ऑइल मारून ठेवा, सकाळी आधी किंचित आवळा, मग सोडा, पुन्हा आवळा, पुन्हा सोडा. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डचे स्टड याशिवाय निघतच नाहीत, तुटतात. एकदा आटे गेले की दहा मिनिटांचं काम दिवसाचं होतं. कमानीचे यू-बोल्ट सोडले की नवेच घाला, ते आवळताना ताणले जातात आणि दुसऱ्यांदा तशी पकड देत नाहीत. प्रोपेलर शाफ्ट काढण्याआधी दोन्ही फ्लँजवर रंगाने किंवा छिन्नीने एक खूण करा आणि बसवताना ती जुळवा. उलटा बसलेला शाफ्ट थरथर आणतो आणि ती शोधताना डोकं फिरतं.

विजेचं काम बहुतेक जुन्या पिकअपमध्ये दहा जणांनी दहा रंगांच्या वायरींनी केलेलं असतं. सुरुवात अर्थिंगपासून करा: बॅटरी ते चॅसिस, चॅसिस ते इंजिन, चॅसिस ते केबिन. टोकं सोडून, घासून, पुन्हा घट्ट बसवा. मंद हेडलाइट, अडखळणारा स्टार्टर, नाचणारे काटे यातले निम्मे दोष इथेच जातात. गाडी रात्रभर उभी असताना बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ हवी.

सगळं झाल्यावर पहिले दोन-तीन आठवडे गाडी जवळच आणि हलक्या भाराने फिरवा. चाकांचे नट ५० ते १०० किलोमीटरनंतर टॉर्क पान्याने पुन्हा तपासा, यू-बोल्टही तपासा. रोज सकाळी ऑइल आणि कूलंटची पातळी बघून वहीत किलोमीटरसह लिहा. हजार किलोमीटरला किती ऑइल कमी होतं हे त्या वहीतून कळतं, आणि पुढे ही गाडी विकताना तीच वही दाखवायला होते.